काचेच्या कोपऱ्यातला ओघळ

अहो,

गाडीत पाणी कुठनं येतंय ते घावलं. घरात पावडर नव्हती, म्हणून देव्हाऱ्यातला भंडारा समोरच्या काचंच्या कडंनं आतनं भुरभुरला. खंडोबा माफ करो. आप्पांनी बाहेरनं पाइपानं पाणी सोडलं, तर डाव्या कोपऱ्यातनं पिवळा ओघळ थेट मॅटवर आला. तिथं सिलिकॉन भरलंय. उद्यापर्यंत गाडी धुऊ नका.

पण तिथला गोंद ताजा हाय, म्हंजी काच नवी हाय. मला सांगितलं न्हाई. दौंडवरनं आलात तवापासनं तुम्ही धड जेवतबी न्हाई.

आप्पांना मी काय बोलले न्हाई. सोनमला घेऊन इनामगावला आईकडं जातीय. फोनवर नको, समोर येऊन एवढंच सांगा, काचंवर जनावर आदळलं व्हतं का माणूस?

मोनिका