पोत्यातलं मीठ

ता. ३ जून

चि. धाकट्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

कोंबडीखाद्याची पोती पोचली. आम्ही खुशाल आहोत, कोंबड्यांचं मात्र सांगवत नाही. महिनाभर त्या पाणी फार पितात, शेडमधला भुसा सारखा ओला होतो. डॉक्टर म्हणाले, रोग नाही, खाद्य बघा. म्हणून तुझ्या पोत्यातली चिमूट जिभेवर ठेवली. खारट लागली. तू मंडईच्या टाकाऊ भाजीवर अळ्या वाढवून, सुकवून दळतोस. मग मीठ आलं कुठून? तुझी वहिनी म्हणते, माझ्या भाजीतलं मीठ यांना जन्मात कळलं नाही, कोंबड्यांच्या ताटातलं बरं कळलं!

दुसरं असं, की सोयापेंड महागली, मासळीची भुकटी महागली, तुझा भाव तेवढा जागचा हलत नाही. कसं परवडतं? या महिनाअखेरीच्या सभेत आपला कुक्कुटपालक संघ ठरवणार, गावातल्या सगळ्या शेडसाठी तुझंच खाद्य घ्यायचं का. मी चारचौघांत तुझ्यासाठी शब्द टाकलाय. सकाळी देवापुढे बसतो, पण मन त्या पोत्यातच असतं.

तुझा दादा

ता. ९ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं. तू कोंबड्या पाळतोस की नाक्यावर झडत्या घेतोस? अरे, हल्ली खानावळींचं उष्टंही अळ्यांना घालतो, त्यातलं मीठ उतरलं असेल. अळ्यांना पगार नाही, खाणं फुकट. भाव वाढेल कशाला? भाजीच्या बाबतीत मी वहिनीच्या बाजूचा, हे तिला सांग.

माया आहे तशी राहू दे.

तुझा धाकटा

ता. १४ जून

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

उत्तर गोड आहे, पण गळी उतरत नाही. तेलकट उष्ट्यावरच्या अळ्या नीट सुकत नाहीत, म्हणून ते घेत नाही, असं मागे तूच म्हणाला होतास. मूठभर खाद्य पाण्यात टाकून पाहिलं. तळाला वाळू बसली. अळ्या काय समुद्रावर फिरायला जातात? सख्ख्या भावावर संशय घेताना पाप वाटतं. पण उद्या घरोघरच्या कोंबड्या माझ्या शब्दावर हेच खातील. तुझं खाद्य मी आजपासून थांबवलंय. खरं काय ते सभेआधी लिही. खोटं लिहायचं तर लिहूच नकोस.

दादा

ता. १८ जून

ती. दादास, सा. न.

अळ्यांचं काम एप्रिलअखेर बंद पडलं. आधी कचरा उचलतो म्हणून मंडईवाले मला दुवा द्यायचे. मग कचऱ्यापासून गॅस करणारे आले, कचऱ्याला पैसे मोजू लागले. कचराही विकत, वर सुकवायची वीज. माझं पीठ मासळीच्या दुप्पट भावात पडू लागलं. त्याच आठवड्यात कळलं, तू संघात माझ्यासाठी उभा राहिलास. कोणत्या तोंडानं सांगणार? मासळीची हलकी, मीठ-वाळूची भुकटी आणून तुझ्या पोत्यांत भरत राहिलो. तुझ्या जुन्या भावावरचा फरक माझ्या शीतगृहातल्या नोकरीच्या पगारातून घातला. वाटलं, संघाची मोठी मागणी आली की पुन्हा सुरू करीन.

आता तू म्हणशील ते.

धाकटा

ता. ८ जुलै

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

सभेत उभं राहून सगळं सांगितलं. खाद्य अर्थात नाकारलं. कोणी म्हणालं, अळ्या पळून गेल्या वाटतं. सगळे हसले, मीही हसलो. अध्यक्ष हसले नाहीत. भावानं भावाच्या कोंबड्यांना असलं घातलं, तर आम्ही कोण लागून गेलो, एवढंच म्हणाले.

कोंबड्या आता सोयापेंडीवर आहेत, भुसा कोरडा झालाय. फरक एवढाच, की इतकी वर्षं माझ्या अंड्यांचे ट्रे न बघता उचलणारे व्यापारी आता एकेक अंडं उजेडात धरतात. धरू देत. शब्द माझा होता.

तू पदरचे पैसे घातलेस हे वाचून तुझी वहिनी रडली, मग तिनं तुला शिव्या दिल्या. दोन्हींत मी तिच्याबरोबर आहे. बायकोला घेऊन चार दिवस ये. येताना काही आणू मात्र नकोस. इथं आता तुझ्या तोंडाआधी तुझी पिशवी बघतील, आणि खरं सांगतो, पहिला मीच बघेन. तरी ये.

तुझा दादा