राजिवड्याचे वर्कशॉप सुनेच्या नावे

मी, उस्मान याकूब सोलकर, वय ६९, धंदा बोटींची इंजिने दुरुस्त करणे, राहणार राजिवडा, रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वखुशीने करतो. बुद्धी शाबूत आहे, कान जरुरीपेक्षा जास्त शाबूत आहेत. कोणाचे दडपण नाही. बायकोचेसुद्धा नाही, हे तिला विचारून लिहिले आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी शरीफा व कुवेतला असलेला मुलगा फारुक यांना शरियतप्रमाणे मिळावी.

२. वर्कशॉप, जागा व अवजारांसह, सून समरीन हिला द्यावे. तिचा नवरा, माझा धाकटा जुनेद, २००१ साली अपघातात गेला. कायद्याने ती माझी वारस होत नाही, आणि वारस नसलेल्याला मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच देता येते.

कारण लिहितो. वर्कशॉपची पहिली शेड वादळाने खाडीत नेली तेव्हा मी चिखलातून पाने-हातोडे उपसले, रॉकेलने धुतले आणि चौथ्या दिवशी उघड्यावर काम सुरू केले. ही गोष्ट मी लोकांना फार वेळा ऐकवली. जुनेद गेल्यावर मात्र शटरकडे हात वळेना. घरी बसून राहिलो. विधवेने घरात बसायचे चार महिने दहा दिवस पुरे झाले त्या सकाळी समरीन किल्ली घेऊन पुढ्यात उभी राहिली.

"माझी इद्दत संपली, अब्बा. तुमची कधी संपणार?"

शरीफाने तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत, विचारले नाही. मी चपला घातल्या.

तेव्हापासून ती माझ्या हाताखाली काम शिकली. आता कुठला वॉल्व्ह ठोकतोय ते समरीन माझ्याआधी ऐकते. मला हे फारसे आवडत नाही, पण खरे आहे.

३. महिपत नाखवा बंदरावर म्हणाला होता, "बाई इंजिन खोलणार? पोहायला शिकून घ्या रे!" मी शटरमागेच होतो. माफ केले. हल्ली तो समरीनशिवाय कोणाला आपल्या बोटीच्या इंजिनाला हात लावू देत नाही. त्याने मजुरीत घासाघीस मात्र करू नये.

४. वर्कशॉपची किंमत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरते. वरच्या भागाला वारसांची संमती लागेल, आणि ती मी मेल्यावर दिलेलीच चालते, असे वकील म्हणतात. शरीफा देईल.

फारुक, तू फोनवर आईला म्हणालास, "अब्बांनंतर कोण चालवणार? विकून टाकू." मी शेजारीच बसलो होतो. तुझे विचारणे चुकीचे नव्हते. कोण चालवणार, ते वर लिहिले आहे. मेलेल्या बापाला हुकूम करता येत नाही, म्हणून मागतो. तुझ्याकडे आजवर काही मागितले नाही. सवय नाही, शब्द वेडेवाकडे झाले असतील. तरी संमती दे, बेटा.

समरीनला यातले काही माहीत नाही. सगळे स्वतः वाचून खाली सही केली.

उस्मान याकूब सोलकर

आमच्यासमक्ष सही झाली:
१) भिकाजी रामा भाटकर, भाट्ये
२) झैनुद्दीन अहमद मुकादम, शिक्षक, राजिवडा

रत्नागिरी, ९ ऑक्टोबर २००४