रातराणीच्या सात कुंड्या

मी, गुणवंत तुळशीराम मेश्राम, वय चौऱ्याहत्तर, राहणार केंब्रिज, ऑन्टारिओ, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना हे लिहितो. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर व बचत मुलगा योगेश यास. मात्र मी थंडीत गेलो तर मे महिन्याआधी घर विकू नये, बेसमेंटचे हीटिंग बंद करू नये. "बाबा, झाडंच तर आहेत, घर लगेच लिस्ट करू," असे तो कॅल्गरीहून फोनवर म्हणाला होता. म्हणूनच हे कलम पहिले.

२. पुस्तके आंबेडकर असोसिएशनला. स्नो ब्लोअर शेजारच्या प्रभाताईंना. गेली तीन वर्षे त्याच माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढतात.

३. बेसमेंटमधील रातराणीच्या सात कुंड्यांविषयी. इथल्या फुलपाखरांच्या काचघरात मध्य अमेरिकेच्या पावसाळी जंगलातले काचपंखी फुलपाखरू आहे. पंख इतके आरपार की खालचे फूल दिसते. मोटारींच्या कारखान्यात सव्वीस वर्षे मी रंगातली खोट शोधली; या बिनरंगी पंखात ती सापडली नाही. पत्नी कांताबाई गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो, ते त्याला पाहून. त्याच्या अळ्या रातराणीची पाने खातात. हिवाळ्यात तिथे पाने कमी पडतात, म्हणून दर गुरुवारी मी पिशवीभर नेतो. माझ्यामागे हे थांबता कामा नये.

४. राजन गजभिये, माझा इथला धाकट्या भावासारखा मित्र, याच्याशी मी चार वर्षे बोललो नाही. नागपूरला जाताना झाडे त्याच्यावर सोपवली होती. पांढरी माशी दिसली म्हणून त्याने कडुलिंबाचे तेल फवारले आणि सांगायला विसरला. परत येऊन मी पाने नेली. एकेचाळीस अळ्या मेल्या. "दादा, सॉरी, झाडं वाचवायलाच स्प्रे केलं मी," असे तो दारात म्हणाला. मी दार लावून घेतले.

आता खरे लिहितो. पाने धुऊन न्यायची हा नियम मला पाठ होता. त्या दिवशी मी ती न धुता नेली. सगळा दोष राजनच्या माथी मारून मी मोकळा झालो, याची मला लाज वाटते.

५. सातही कुंड्या राजनला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि मला तसाच माणूस हवा.

मात्र छाटणी, धुणे हे कागदावरून शिकता येत नाही. म्हणून हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. याची प्रत आजच राजनला जाईल. राजन, गुरुवारी सकाळी ये. चूक माझी होती, हे मला तोंडाने सांगायचे आहे.

सही: गुणवंत तुळशीराम मेश्राम

आम्हा दोघांच्या देखत सही झाली. यातून आम्हांस काहीही मिळत नाही.
साक्षीदार: देवयानी रामटेके, सार्थक वासनिक

केंब्रिज, सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४