परवानगी माझीच होती

प्रिय कृतिका,

पाच महिन्यांनी लिहितेय. मयूर विहारच्या मेट्रो स्टेशनवर परवा तुझी आई दिसली. त्यांनी बघायच्या आत मी दुसऱ्या डब्यात चढले. पूर्वी हाक मारून थांबवायचे त्यांना.

आपल्या कॉल सेंटरला फोन करणारे ते परदेशी आजोबा आठवतात? बायको वारली, तिचं फोन कनेक्शन बंद करा, एवढंच म्हणत होते. आपल्या कंपनीचा नियम असा की ग्राहक सोडायचा नाही, त्याचा कॉल तीनदा इकडून तिकडे फिरवायचा. तू हात वर करून मला विचारलंस. मी म्हटलं, करून टाक बंद. ट्रेनिंगमध्ये मीच शिकवलं होतं ना, समोरचा माणूस घरचा समजून बोलायचं म्हणून.

आणि मीटिंगमध्ये गौरव सरांनी परवानगी कोणी दिली विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "मला माहीत नव्हतं." तू फक्त माझ्याकडे पाहिलंस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी तू राजीनामा दिलास.

त्यानंतर टीम गळायलाच लागली. आधी नचिकेत, मग मानस. अकरातले सहा गेले. वरच्या साहेबांनी पगार वाढवले, शुक्रवारी पिझ्झा सुरू केला, भिंतीवर 'आम्ही एक कुटुंब' असा मोठा बोर्ड लावला. अक्षता राजीनामा घेऊन त्या बोर्डखालीच मला भेटायला आली. मी विचारलं, दुसरीकडे जास्त मिळतंय का. ती म्हणाली, "नाही ताई, कमीच आहे. पण उद्या माझ्यावर वेळ आली तर तुम्ही माझ्या बाजूने बोलाल, असं वाटत नाही."

काल फरीदाबादच्या एका कंपनीतून तुझ्या चौकशीचा फोन आला. तेव्हा तुझी फाइल उघडली. 'स्वतःच्या मनाने निर्णय घेते, पुन्हा कामावर घेऊ नये' असा शेरा आहे, खाली सही माझी. सरांनी पुढे केलेल्या कागदावर मी न वाचता सही केली, असं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. कागद वाचला होता. याआधी तुला दोन ठिकाणी नकार आल्याचं कानावर आलं होतं, तो कशामुळे ते आता तुला कळेल. काल मी फरीदाबादच्या लोकांना खरं सांगितलं, आणि तेच सरांना लेखी पाठवलं. सोमवारी मला बोलावलंय. नोकरी राहील असं वाटत नाही. माफ कर म्हणायचा हक्क मला नाही. पण तो शेरा कोणाचा, हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र.

तुझीच
(ताई म्हणायचं की नाही, ते तू ठरव)
देविका