गिटारवाला अल्बम

अफ्रीन बेटा,

पळून जातानी चप्पल विसरली, तशी दादीलेबी विसरली का? मी सांगून राह्यली, तुही बहीण नाजिया लिहून राह्यली.

तू तिच्या मोबाइलवर धाडलेला गिटारवाला अल्बम ऐकला. त्यातली पोरगी गाते का रडते, समजत नाही, पन आवडला. आता तू माह्या आवडीची कव्वाली ऐक, मंग गझला.

काल गिटार वाजत असतानी तुहा बाप घरात आला. "हे कोनं धाडलं?" मी म्हनलं, "अफ्रीननं." त्यानं मोबाइल उचलला. वाटलं, आता आपटते. त्यानं आवाज वाढवला अन् खाटेवर बसला.

तू गेल्यापासून त्यानं तुहं नाव घेतलं नाही. ते त्याच्या तोंडून निघालं, की हे पत्र धाडीन. पत्र भेटलं की नानखटाई पाठव. साखर कमी टाक, तुह्या बापाले आता शुगर हाय.

तुही दादी,
सरवरी