पेन्सिल वर

ता. ३ ऑगस्ट

ती. बाबा व ती. आई यांना सूनबाईचा सा. न. वि. वि.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. पट्टी सुटेपर्यंत एक अक्षरही वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेल्या माणसाला ही शिक्षाच की! आई, खरे हाल तुमचेच होत असणार, मला कल्पना आहे.

इकडे माझी परीक्षा जवळ आलीय. शाळेत मी अजून तात्पुरतीच आहे ना, तर मला कायम करायचं की नाही ते आता ठरणार. महिनाअखेर मोठ्या बाई माझा इंग्रजीचा पाठ बघायला वर्गात येऊन बसणार. विषयही त्यांनीच दिलाय, क्लॉज आणि कंजंक्शन. पाठ चांगला झाला तर नोकरी पक्की, नाहीतर बसा घरी. मागे एकदा त्या सहज डोकावल्या होत्या, तर माझी दातखीळच बसली. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, मुलांना वाटलं बाई रुसल्या. मला ही नोकरी हवी आहे, बाबा. मनापासून हवी आहे.

तुमचे चिरंजीव धीर देतात. पण त्यांचं इंग्रजी म्हणजे आनंदीआनंद! वाक्य 'अँड'ने सुरू करतात आणि 'अँड'वरच सोडून देतात, पुढचं समोरच्याने समजून घ्यायचं. त्यांच्याकडून सराव करून घेतला तर आहे तेही विसरेन. म्हणून मी केलेली वाक्यं सोबत पाठवतेय. आईंनी वाचून दाखवावी आणि बाबांनी चुका काढाव्यात. दयामाया नको.

लोभ आहेच, तो राहू द्या. रागवायचं असेल तर पाठ झाल्यावर रागवा.

तुमची
सूनबाई


ता. ९ ऑगस्ट

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद स्वल्पविराम तुझं पत्र पोचलं पूर्णविराम मी ठणठणीत आहे स्वल्पविराम फक्त या घरात माझं कोणी ऐकत नाही उद्गारचिन्ह

(अगं, मी आई लिहितेय. यांनी मला बजावलं, मी बोलेन ते शब्दाला शब्द उतरव, मध्ये आपली अक्कल चालवू नकोस. म्हटलं, बरं! आता वाचून दाखवलं तर कपाळाला हात लावून बसलेत. असो, यापुढे खुणा खुणांसारख्या काढते.)

तुझी वाक्यं ऐकली. आधी 'ऑलदो' लिहायचं आणि त्याच वाक्यात पुढे 'बट' पण घुसवायचं? एका म्यानात दोन तलवारी राहतील का? एक काढून टाक. दोन पूर्ण वाक्यं तू नुसत्या स्वल्पविरामाने चिकटवली आहेस. त्या बिचाऱ्याच्या अंगात तेवढं बळ नसतं. तिथे 'अँड', 'सो', काहीतरी घाल, नाहीतर सरळ पूर्णविराम देऊन मोकळी हो. जिथे तुला दम लागला तिथे स्वल्पविराम दिसतोय. तू व्याकरण लिहितेस की जिना चढतेस? 'बिकॉज'ची वाक्यं मात्र बिनचूक आहेत. शाबास!

आता मुख्य सांगतो. व्याख्या पाठ कर. क्लॉज म्हणजे काय, मुख्य कुठला, त्याच्यावर अवलंबून असलेला कुठला, घडाघडा म्हणता आलं पाहिजे. व्याख्या तोंडावर असली की समोर कोण बसलंय याची भीती वाटत नाही.

(व्याख्या मला ठाऊक नाहीत. पण लग्न झाल्यापासून हे संध्याकाळी घरी प्रुफं आणायचे. मी मूळ कागद मोठ्याने वाचायची, कॉमा, फुलस्टॉप सगळ्यासकट, आणि हे प्रुफावर नजर ठेवायचे. इंग्रजीचा अर्थ मला ओ की ठो कळायचा नाही. मी यांची पेन्सिल बघायची. वाक्य अर्धं असलं की पेन्सिल वर, पुरं झालं की कागदावर टेकायची. कधी दूध उतू जातंय म्हणून मी अर्ध्यातच उठले, तर परत येईपर्यंत यांचा हात तसाच वर! त्यावरून मला समजायचं की अजून काहीतरी यायचंय. हे म्हणतायत हे लिहू नकोस, पोरीचा गोंधळ होईल. मी लिहिलंच.)

तब्येतीला जप, घसा सांभाळ आणि आमच्यावरचा जीव पाठाच्या गडबडीत पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे
बाबा (आणि त्यांचा हात)


ता. २९ ऑगस्ट

ती. बाबा व ती. आई यांना सा. न. वि. वि.

काल पाठ झाला. सगळं सविस्तर सांगते, मधूनच शेवटाकडे उडी मारायची नाही!

बाबा, व्याख्या इतक्या पाठ केल्या होत्या की भाजी चिरतानाही तोंडात त्याच. तुमचे चिरंजीव म्हणाले, आता आमटीतसुद्धा क्लॉज लागायला लागलाय. वर्गात गेले. मोठ्या बाई मागच्या बाकावर, मांडीवर वही, हातात पेन. मी खडू उचलला, क्लॉज हा शब्द फळ्यावर लिहिला आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. एक अक्षर आठवेना. मागून पेनाची कुरकुर ऐकू यायला लागली. वाटलं, संपलं.

आणि त्या क्षणी मला काय आठवावं? आईंचं उतू जाणारं दूध आणि बाबांचा वर राहिलेला हात.

मी वळले आणि मुलांना म्हटलं, पेन्सिली घ्या. मी वाचेन. अजून काही यायचंय असं वाटलं तर पेन्सिल वर, पुरं झालं वाटलं तर बाकावर. सुरुवात सोपी केली. 'द बेल रँग.' टक्कन सगळ्या खाली. मग म्हटलं, 'बिकॉज द डोअर वॉज ओपन', आणि थांबले. सगळ्या पेन्सिली वर! कोणी खाली ठेवीना. शेवटी एका पोरीला राहवलं नाही, ती ओरडली, 'द गोट केम इन!' धाडकन सगळ्या पेन्सिली खाली आणि वर्ग हसून लोटपोट.

मग 'व्हेन' झालं, 'इफ' झालं, 'ऑलदो' झालं, बाबा, 'बट' न घालता! कुठला तुकडा एकटा उभा राहतो आणि कुठला दुसऱ्याच्या आधाराने, हे त्यांनीच मला सांगितलं. स्वल्पविराम कुठे द्यायचा तेही. व्याख्या सगळ्यात शेवटी आठवली, तोवर तिची गरजच उरली नव्हती.

मध्ये एकदा माझं लक्ष मागे गेलं. मोठ्या बाईंचं पेनसुद्धा वर होतं.

तास संपल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, ही पेन्सिलीची पद्धत कुठल्या प्रशिक्षणात शिकलात? मी म्हटलं, सासरी. त्या हसल्या. आज सकाळी माझ्या कायम होण्याच्या कागदावर सही झाली. हे लिहितानासुद्धा रडू येतंय. आई, तुम्ही ते लिहिलं नसतं तर मी पुन्हा फळ्याकडे तोंड करूनच उभी राहिले असते.

आता दोघांनीही पोटभर कौतुक करा, हातचं राखू नका.

तुमची कायमची (आता शाळेचीही)
सूनबाई


ता. ६ सप्टेंबर

चि. सौ. सूनबाईस माझे एकटीचे अनेक आशीर्वाद. यांचे वेगळे येतील.

यांची पट्टी सुटली. पहिलं काय वाचणार तर तुझं पत्र, असं म्हणून हे खिडकीशी जाऊन बसले. दोन ओळी वाचल्या आणि कागद माझ्याकडे दिला. म्हणाले, तूच वाच, सवय आहे. मग मी वाचलं, आणि हे पेन्सिल हातात धरून बसले, समोर प्रूफ असल्यासारखे! त्या शेळीपर्यंत ठीक होते. मोठ्या बाईंच्या पेनाशी आले आणि डोळ्यांतून धारा. डॉक्टरांनी डोळे ओले करायचे नाहीत म्हणून सांगितलंय, पण ऐकतंय कोण! मीही रडून घेतलं. माझ्या डोळ्यांना बंदी नव्हती.

नंतर मी यांना विचारलं, अहो, एवढी वर्षं मी जे वाचत आले त्यात होतं तरी काय? हे डोकं खाजवून म्हणाले, एकदा पंपाची माहिती होती, एकदा कसल्याशा औषधाची, बाकी मला तरी कुठे आठवतंय? मी स्वल्पविराम बघायचो. म्हणजे बघ, एकाला अर्थ कळत नव्हता आणि दुसऱ्याचं अर्थाकडे लक्ष नव्हतं. इतकी वर्षं सुखाने संसार झाला तो असा!

पण सूनबाई, आता मला अर्थ हवा आहे. यांच्याकडे दोन दिवस शिकले. हे व्याख्येपासून सुरू करतात आणि भांडणावर संपवतात. मला तुझ्या वर्गात घे. मी मागच्या बाकावर बसेन, दंगा करणार नाही.

पहिलं वाक्य मी केलंय. नुसतं वाचलेलं नाही, माझं स्वतःचं, आणि मला अर्थ ठाऊक असलेलं. 'व्हेन यू कम होम,' एवढंच झालंय. स्वल्पविराम यांनी तपासला, बरोबर आहे म्हणाले. पुढचं मी मुद्दाम लिहिलेलं नाही. सुट्टी लागली की ये.

तोवर आम्ही दोघांनी पेन्सिली वर धरल्या आहेत.

तुझी
आई