माझी एकमेव यशस्वी थाप

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? मामींचा राग उतरला असेल तर त्यांनाही नमस्कार सांगा. मी ठीक आहे, म्हणजे जेवतो आहे; बाकी सगळं संपलं.

पोकर शिकवताना तुम्ही म्हणाला होतात की, ब्लफ, म्हणजे हातात काही नसताना असल्याची थाप, कधी करायचा हे ज्याला कळलं त्याला जगात काही कमी पडत नाही. (कधी करायचा नाही, हे सांगायचं राहून गेलं.) तर जिच्याविषयी तुम्हाला लिहिलं होतं, तिच्या घरी गेल्या रविवारी दुपारी मी रीतसर मागणी घालायला गेलो. तिचे वडील वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. निवृत्त झाले तरी समोरच्याला हातात तोलल्यासारखं बघतात. मी कवळ्या बनवतो म्हटल्यावर "म्हणजे खोटे दात," एवढंच म्हणाले. पुढे बोलायला काही उरेना, म्हणून तिने पत्ते काढले. पैशांऐवजी डब्यातली शर्टाची सुटी बटणं डावावर लावून आम्ही तिघं पोकर खेळलो. तासाभरात माझी बहुतेक गेली. शेवटच्या डावात हातात पाच पानं आली, पाचही एकमेकांना न ओळखणारी. तुमचं स्मरण केलं आणि उरलेली अकराच्या अकरा बटणं पुढे सरकवली. तिने पानं खाली ठेवून डाव सोडला. वडील बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि दोन जोड्या हातात असताना त्यांनीही पानं टाकली. तिथे गप्प बसावं की नाही? पण मला आनंद मावेना. मी माझी पानं उलटून दाखवली.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आवाज चढवला नाही. "चाळीस वर्षं खोटी मापं पकडली मी," ते म्हणाले, "तुमच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. असल्या माणसाला मुलगी द्यायची मला भीती वाटते." मग चहा दिला. तो मी मान खाली घालून प्यायलो. तेव्हापासून दवाखान्यात मी दोन कवळ्यांचे वरचे दात खाली बसवले आहेत, आणि डॉक्टर माझ्याशी फार हळू आवाजात बोलतात.

तुमचा हताश
भाचा

ता. क. – काल ती दवाखान्यात येऊन गेली. थाप मारताना माझे कान लाल होतात, हे तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. (वडील तोंडाकडेच बघत होते.) तिच्याकडे तीन राजे होते, म्हणजे डाव खरं तर तिचाच होता. हरलो तर मी आठवडाभर तोंड पाडून बसेन, म्हणून तिने पानं टाकली. आणि ती हटली म्हणजे माझ्याकडे खरंच काहीतरी असणार, असं वडील समजले.

आणखी ता. क. – तेव्हा वडीलधारे म्हणून तुम्ही त्यांना दोन ओळी लिहाव्यात, की याला खोटं बोलताच येत नाही. अगदी खरं आहे, पण मी सांगून पटायचं नाही. राजांचा उल्लेख मात्र टाळा. आपली मुलगी आपल्याला फसवत नाही, एवढ्या एका गोष्टीवर ते गृहस्थ अजून उभे आहेत.